कानोसे

१

चाकणच्या कंपन्यांमध्ये वर्षातून एकदा कामगारांचे कान तपासतात. ते काम मी करते. आमच्या लॅबची एक व्हॅन आहे. तिच्या मागच्या भागात जाड दाराची एक खोली केली आहे, जेमतेम एक माणूस मावेल एवढी. आत एक स्टूल, एक हेडफोन आणि वायरला लोंबणारं एक बटण. कामगार आत बसतो, मी दार लावते आणि काचेच्या अलीकडून त्याच्या कानात बारीक शिट्ट्या सोडते. ऐकू आली की त्यानं बटण दाबायचं, म्हणजे माझ्याकडे हिरवा दिवा लागतो. एका माणसाला दहा मिनिटं, दिवसाला चाळीस माणसं. नऊ वर्षं हेच करत होते.

आम्ही थेरगावात, डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत राहायचो. मी, नवरा जयदीप आणि आमची नऊ वर्षांची हर्षाली. जयदीप माणच्या आयटी पार्कात. तो सकाळी एका दिशेला जायचा, मी दुसऱ्या.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमची व्हॅन एका कंपनीच्या आवारात उभी होती. तिथं गाड्यांसाठी पत्र्याचे भाग ठोकून काढतात. प्रेस शॉपमधली सगळी माणसं तपासायची होती. जेवणानंतर गोरक्ष नावाचा तिशीचा कामगार आत येऊन बसला. शांत, नीटनेटका माणूस. पहिल्या शिट्टीपासून त्यानं बरोबर बटण दाबलं. प्रेस शॉपमध्ये सहा वर्षं काढूनही त्याचे कान चांगले होते.

मग मी शिट्टी थांबवली. मध्येच असं थांबावं लागतं. माणूस अंदाजानं बटण दाबतो की खरंच ऐकून, ते त्यात कळतं. चार सेकंदांनी हिरवा दिवा लागला.

मी पुन्हा शिट्टी सोडली, पुन्हा थांबवली. मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार. दिवा लागला. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी मी यंत्र बंदच केलं आणि नुसती काचेतून बघत राहिले. चौथ्या सेकंदाला त्याचा अंगठा खाली गेला.

मी दार उघडलं. "आवाज आला की दाबा असं सांगितलं होतं ना?"

"व्हय मॅडम. तसंच केलं."

"पण मी आवाज सोडलाच नव्हता."

त्यानं हेडफोन काढून मांडीवर घेतला. "आवाज म्हंजे तसा आवाज न्हाई. सगळं शांत झालं की मग ते होतं ना..."

"काय होतं?"

"कुनीतरी श्वास धरल्यासारखं. दाराआड उभं राहून ऐकताना मानूस धरतो, तसं." एवढं बोलून तो ओशाळल्यासारखा हसला आणि उठून गेला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून प्रेस शॉपमधली साठ माणसं झाली. पंचावन्न जणांचं काही वेगळं नव्हतं. पाच जणांनी शांततेला बटण दाबलं. पाचही जणांनी चौथ्या सेकंदाला.

संध्याकाळी मी त्या पाच जणांची कार्डं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. आडनावं वेगळी, वयं वेगळी. गाव एकच. कानोसे.

२

यंत्रात बिघाड असेल म्हणून मी व्हॅनचा ड्रायव्हर भिवा याला आत बसवलं. तो शिट्टीलाच दाबायचा, एरवी नाही. मग मी स्वतः बसले. दहा मिनिटं. स्वतःच्या रक्ताची धडधड सोडून काही ऐकू आलं नाही.

आवाजात काम करणाऱ्यांच्या कानात गुणगुण राहते, हे मला माहीत होतं. पण गुणगुण चारचा आकडा मोजून सुरू होत नाही.

लॅबच्या डॉक्टरांना मी कार्डं दाखवली. त्यांनी चष्मा वर केला. "उगाच दाबतात. ‘चाचणी अविश्वसनीय’ असं लिहा आणि प्रेस शॉपमधून हलवायची शिफारस करा." पाचही जण ठेकेदाराकडचे होते. ठेकेदाराच्या माणसाला हलवणं म्हणजे गेटबाहेर काढणं, हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं.

दोन दिवसांनी गोरक्षचा फोन आला. ऑफिसातून कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असावं.

"मॅडम, काय बी लिवा, पण आमाला प्रेस शॉपमधून काढू नका."

इतक्या वर्षांत प्रेस शॉपमधून सुटका करा म्हणून हात जोडणारे शेकडो पाहिले होते. तिथंच राहू द्या म्हणणारा हा पहिला.

"तुला एवढा तो आवाज आवडतो?"

त्याच्यामागे यंत्रांचा ठोका ऐकू येत होता. "घरी पन तोच ऐकतो आमी. कंपनी गावाला लागूनच हाय. तो चालू असला की बरं वाटतं."

मग मला एक शक्यता दिसली. गावाजवळ एखादी मोठी पाइपलाइन असेल, जमिनीतून घरघर येत असेल आणि लहानपणापासून तीच ऐकून या लोकांचे कान असे झाले असतील. तसं निघालं तर रिपोर्टमध्ये नीट कारण लिहिता आलं असतं आणि पाच जणांची नोकरी वाचली असती. आवाज मोजायचं हातातलं यंत्र माझ्याकडे होतंच.

"मी तुमच्या गावात येऊन आवाज मोजते," मी म्हटलं.

"या की. फक्त गुरुवारी नका येऊ."

माझी सुट्टी गुरुवारीच असते. पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांना त्याच दिवशी सुट्टी, म्हणून आम्हालाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी रजा कोण टाकणार? त्याला न सांगता मी मे महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी स्कूटर काढली. शाळेला सुट्टी होती. जयदीप घरून काम करणार होता, त्यामुळे हर्षालीची काळजी नव्हती.

३

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि ऊन तापलं होतं. गोदामांच्या उंच पत्र्यांमधून एक अरुंद डांबरी रस्ता आत जातो. त्याच्या तोंडाशी ‘कानोसे ग्रामपंचायत आपले स्वागत करीत आहे’ अशी नवी कमान आहे. कमानीखालून गेले आणि मला स्कूटरचा आवाज ऐकू येईनासा झाला, इतका गलका होता.

प्रत्येक घरात टीव्ही मोठ्यानं चालू होता, पण समोर कुणी बसलेलं नव्हतं. देवळाच्या कर्ण्यावर अभंग लागले होते. एका ओट्यावर रेडिओ, शेजारच्या खिडकीत दुसरा रेडिओ, त्यावर वेगळं स्टेशन. एका स्वयंपाकघरात मिक्सर फिरत होता. आत डोकावले तर भांडं रिकामं होतं. घरं चांगली होती. टाइल्स लावलेली, दोन मजली, दारात गाड्या. जमिनीचे पैसे आलेलं गाव. फक्त माणसं एकमेकांशी ओरडून बोलत होती आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

गोरक्षचं घर विचारत गेले. घराला लागूनच पिठाची गिरणी होती, तीही चालू. गोरक्षचे वडील सोपानराव दारात उभे होते. पांढरी टोपी, अंगावर पिठाचा कणही नाही. मी गिरणीच्या तोंडाकडे पाहिलं. वरून धान्य पडत नव्हतं. दगडावर दगड नुसता फिरत होता.

"दगड खराब होतील ना असे," मी ओरडून म्हटलं.

"दर दोन वर्सांनी बदलतो," तेही ओरडून म्हणाले. मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "गोरक्षनं सांगितलं न्हवतं का, गुरुवारी येऊ नका म्हनून? तो भावकीतल्या लग्नाला गेलाय. बरं, आलाय तर च्या घ्या आन् दहाच्या आत निघा."

मी यंत्र काढून मोजलं. ब्याऐंशी डेसिबल. कारखान्यात कानात बोळे घालायला सांगतात त्याहून थोडंच कमी. जमिनीतली घरघर मात्र कुठंच नव्हती. जो काही आवाज होता, तो माणसांनी मुद्दाम केलेला होता.

"गावाचं नाव असं कसं पडलं हो?" चहा येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

सोपानराव बोटांवर मोजू लागले. "ग्रामपंचायतीच्या पुस्तकात लिवलंय, कान्होबाचं ठानं, म्हनून कानोसे. पन कान्होबाचं देऊळ आमीच बांधलं, मी सरपंच व्हतो तवा. आधी तिथं काय न्हवतं. शाळेतले गुरुजी म्हनायचे, कानोजी नावाच्या सरदाराला गाव इनाम मिळालं. इनामाचा कागद मातूर कुनी बघितला न्हाई. शेजारच्या गावची लोकं चेष्टा करत्यात, म्हनं तुमी भिंतीला कान लावून ऐकनारी, कानोसा घेनारी मानसं." ते हसले नाहीत. "जुन्या सातबाऱ्यावर नुसतं ‘मौजे कानोसे’. कुनी ठेवलं, कवा ठेवलं, काय ठाव न्हाई."

"आणि खरं काय असेल?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "च्या घ्या," म्हणाले.

४

चहा घेऊन त्यांची बायको, शालनबाई, मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं भिंत जाड असल्यामुळे गिरणीचा आवाज थोडा कमी यायचा. जुन्या घरातली तेवढी एकच खोली न पाडता ठेवली होती. चुन्यानं रंगवलेली, एका बाजूला फळीवर पितळेची भांडी, समोर एक लहान खिडकी. खिडकीतून कंपनीची मागची भिंत दिसत होती.

"गोरक्षला काढनार का वो?" शालनबाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

"काढू नये म्हणूनच आलेय. तुमच्या गावात त्यांच्या कानाला काय झालं, ते कळलं तर बरं होईल."

त्यांनी पदर कपाळावर ओढला. मग माझ्या जवळ सरकून, कानाशी तोंड आणून बोलायला लागल्या.

"मी नवी नवरी आले तवा सासूनं पयल्याच दिवशी सांगितलं. म्हनाली, बाई, गप बसायचं न्हाई. दळताना गा, चालताना बांगड्या वाजव, काय सुचलं न्हाई तर लेकराला रडव. म्हनलं, का वो? तर म्हनाली, भायेरच्यांना वाटतं आमी कानोसा घेतो. तसं न्हाई. आपला घेत्यात."

"कोण घेतं?"

"ते मी इचारलं न्हाई. त्यांनी बी त्यांच्या सासूला इचारलं नसंल." त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "कंपन्या आल्या तवा आजूबाजूची गावं मोर्चे काढत व्हती. आमच्या गावानं सगळ्यात आधी जमिनी दिल्या. लोकं म्हनली, पैशाला हपापली. आमी म्हनलं म्हना. रात न् दिवस पत्रा ठोकनारी कंपनी दाराशी येनार, आमाला आनिक काय पायजे? पंधरा वर्सं सुखानं झोपलो. आता दर गुरुवारी मशिनी बंद ठेवत्यात. आन् त्याच दिवशी वीज बी जाते. दोनी एकदम आलं की..."

"म्हणजे आज कंपनी बंद आहे?"

त्यांनी मान डोलावली.

मला त्यांची कीव आली, हे कबूल करते. एखाद्या घरात एखादी भीती पिढ्यान् पिढ्या सांगत जातात आणि मग सगळ्यांना ती खरीच वाटू लागते. पाच जणांना एकाच जागी भास होतो, कारण पाचही जणांना लहानपणी एकच गोष्ट सांगितलेली असते. रिपोर्टमध्ये हे कसं लिहायचं, त्याचा मी विचार करत होते. तेवढ्यात दहा वाजले आणि वीज गेली.

५

टीव्ही, मिक्सर, देवळाचा कर्णा एकदम बंद पडले. पण गाव तयारीत होतं. क्षणभरात दोन ट्रॅक्टर धडधडायला लागले, कुणीतरी थाळी बडवायला लागलं, बायकांनी मोठ्यानं गाणं धरलं. सोपानरावांनी गिरणीचं डिझेल इंजिन सुरू केलं. मी यंत्राकडे पाहिलं, शहात्तर. असं तासभर चाललं. मी निघायला हवं होतं. पण आकडे लिहून घेत बसले. म्हटलं, आलेच आहे तर पूर्ण मोजून जाऊ.

अकराच्या सुमाराला गिरणीचा पट्टा तुटला. चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन फडफडून थांबलं. त्याच वेळी एक ट्रॅक्टर डिझेल भरायला बंद केलेला होता. दुसरा चालवणाऱ्याला वाटलं, गिरणी चालू आहे, म्हणून त्यानंही दोन मिनिटं बंद केला. गाणाऱ्या आणि थाळी बडवणाऱ्या बायका पाणी प्यायला थांबल्या. हे मला नंतर कळलं. त्यात कुणाची एकट्याची चूक नव्हती, प्रत्येकाला दुसऱ्याचा भरवसा होता.

शालनबाईंच्या हातातला चमचा कपावर जायच्या आधीच थांबला. त्यांनी तो वाजवला नाही. आता वाजवून उपयोग नव्हता, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं आणि डोळ्यांनी मला तसंच करायला सांगितलं.

माझी नजर यंत्रावर होती. चोपन्न. पंचेचाळीस. सदतीस. तीस. या यंत्राला तीसच्या खाली मोजता येत नाही. तीसच्या खाली गेलं की पडद्यावर दोन आडव्या रेघा येतात. उघड्या गावात तसं कधीच होत नाही. वारा असतो, पाखरं असतात. दोन आडव्या रेघा आल्या.

मी मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं. लिंबाच्या फांद्या हलत होत्या. खाली एक कुत्रं भुंकत होतं. जबडा उघडत मिटत होता, मान ताठ झाली होती, पण आवाज नव्हता. सोपानराव इंजिनाचं हँडल फिरवताना अर्धवट दिसत होते. तेही तसेच.

मी मोजलं नव्हतं, तरी चौथा सेकंद कळला.

बाजूच्या भिंतीवर, फळीच्या खाली, चुन्याचा रंग बदलायला लागला. आधी हाताएवढा ओला डाग. मग तो पसरला. पलीकडून कुणी गाल टेकवावा आणि त्याच्या अंगाच्या उबेनं थंड भिंतीला घाम यावा, तसा. डागाला कड होती. गालाची गोलाई, तिच्यावर कानाची वळणं. खालची कड जमिनीला लागली होती आणि वरची छताच्या वाशांपर्यंत गेली होती. खिडकीतला उजेड कमी झाला. ढग आल्यावर होतो तसा नाही. घराला काहीतरी टेकलं होतं.

माझं डोकं तेव्हाही कारणं शोधत होतं. पाण्याची टाकी फुटली असेल. भिंतीत ओल असेल.

मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला.

६

पडद्यावर ‘घर’ असं आलं होतं. मला तेव्हा कुठलाही आवाज हवा होता, कसलाही, इतकंच आठवतं. शालनबाई मान हलवत होत्या, एक हात त्यांनी माझ्याकडे पुढे केला होता. मी फोन कानाला लावला. मी स्वतः बोलले नाही.

"आई, फ्रीजमधला आमरस घेऊ का? बाबा मीटिंगमध्ये आहेत."

फोनमध्ये आवाज पातळ येतो. हा तसा नव्हता. हर्षाली त्या खोलीतच उभी राहून बोलल्यासारखा स्वच्छ, भरीव आवाज. प्रत्येक अक्षर भिंतीपर्यंत गेलेलं मला जाणवलं. फळीवरचे पितळेचे तांबे पुढे सरकले. भिंतीवरचा डाग किंचित दबला, अजून जवळ येऊन नीट ऐकावं तसा.

मग बाहेर इंजिन लागलं. एकदम सगळं परत आलं, कुत्रं, थाळ्या, बायकांचं ओरडणं. खिडकीत ऊन आलं. भिंत दोन मिनिटांत वाळली.

"कोन व्हतं फोनवर?" शालनबाईंनी विचारलं.

"मुलगी."

त्या खाली बसल्या. भिंतीला टेकून नाही, भिंतीपासून लांब, खोलीच्या मध्ये. "तुमी बोलला न्हाई, बरं केलं," म्हणाल्या.

"काय होईल? सांगा ना मला."

"माझे धाकले दीर व्हते, गेनूभाऊजी. याच खोलीत. लगीन होऊन मला सात वर्सं झाली व्हती. अशीच सगळी गप झाली, आन् भाऊजी दारातनं म्हनाले, ‘वैनी, विळा कुठंय?’ येवढंच."

"मग? गेले का?"

"न्हाई वो. त्याच्यापुढं अकरा वर्सं जगले. जेवायचे, शेतात जायचे, दिसभर बोलायचे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आमाला ऐकू न्हाई आलं."

७

रस्त्यात मी तीनदा गाडी थांबवून फोन केला. तिन्ही वेळा उचलला गेला, सेकंद पुढे सरकत राहिले, पलीकडे काही नाही. नेटवर्क नसेल, असं मी स्वतःला बजावत होते. मोशीच्या सिग्नलला शेजारच्या ट्रकनं हॉर्न दिला आणि मी रडायला लागले.

घरी हर्षाली टेबलाशी बसली होती. वाटीत आमरस होता, वरच्या ओठाला पिवळी कड. मला बघून तिचं तोंड हललं. लांबलचक काहीतरी सांगत होती, हातवारे करत.

"घसा बसलाय बहुतेक," जयदीप लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला. "अकरा-साडेअकरापासून. किती वेळा सांगितलं, थंड खाऊ नको."

चिंचवडच्या घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्र उत्तम होतं, हलायचं तसं हलत होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी मनाचं कारण सांगितलं. तिसऱ्यांनी औषध दिलं. एका दुपारी, जयदीप नसताना, मी माझं यंत्र तिच्या तोंडासमोर धरलं आणि तिला पाढे म्हणायला सांगितलं. आकडा चढला. एकसष्ट, चौसष्ट. नऊ वर्षांच्या मुलीचा असायला हवा तेवढाच. यंत्राला ऐकू येत होतं. मी हातभर अंतरावर बसले होते आणि पंख्याची घरघर सोडून मला काही ऐकू येत नव्हतं.

वहीत मी तिला विचारलं, तुला तुझा आवाज येतो का?

तिनं खाली लिहिलं, ‘येतो. पण लांबून.’

जयदीप तिच्या वाढदिवसाचा जुना व्हिडिओ बाथरूममध्ये दार लावून ऐकायचा. पाच जणांच्या कार्डांवर मी ‘श्रवण सामान्य’ असं लिहून डॉक्टरांची सही घेतली. नंतर रजा टाकली आणि परत गेले नाही.

८

जुलैत मी कानोशाला गेले. शालनबाईंना मला बघून नवल वाटलं नाही.

"भाऊजींचा आवाज आमाला कवा ऐकूच आला न्हाई, असं न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "त्या भिंतीला कान लावला की ऐकू यायचा. सगळं गप असलं की. हे तासन् तास कान लावून बसायचे. भाऊजी वारले तवा तो बी गेला."

आता मागची ती खोली आम्ही भाड्यानं घेतली आहे, मी आणि हर्षालीनं. जयदीपला सांगितलं की मोकळ्या हवेत, नव्या माणसांत ती बोलेल, एका डॉक्टरांनी तसं सुचवलंय. तो रविवारी येतो. गुरुवारी बारा वाजता सोपानराव गिरणी बंद करतात आणि आमच्या घरापाशी पंधरा मिनिटं कुणालाही आवाज करू देत नाहीत. गावाला ते काय सांगतात, मला माहीत नाही. गोरक्ष तेवढा वेळ गाव सोडून जातो.

पहिल्या गुरुवारी मी भिंतीला कान लावला आणि हर्षालीला खुणेनं सुरू कर म्हटलं. तिचे ओठ हलले. भिंतीतून तिचा आवाज आला. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. चोवीसला ती नेहमी थोडी अडखळते, तशीच अडखळली. दोन महिन्यांनी ऐकत होते. भिंत ओली होती, कोमट होती. मी कान काढला नाही. त्यानंतर एकही गुरुवार चुकवला नाही. ती धडे वाचते, भांडते, शाळेतल्या मैत्रिणींच्या तक्रारी सांगते आणि मी ऐकते.

गेल्या गुरुवारी हर्षाली जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. मी वळून पाहिलं. तोंड मिटलेलं, जीभ दातात धरून ती घराचं छप्पर लाल करत होती.

भिंतीत तिचा आवाज बोलायला लागला.

"आई, इथं एकजण आहे. बोलत नाही. नुसता ऐकतो. माझं सगळं सांगून संपलं."

मी तोंडावर हात दाबला.

"मला एकटीला नको वाटतं इथं," भिंतीतून आलं. थोडं थांबून, अगदी लाडात, एखादी वस्तू मागताना ती जशी बोलायची तशा सुरात, "बाबांना आण ना. त्यांना इथं फक्त एक हाक मारायला सांग."

त्या रात्री, त्यानंतरच्या दोन दिवसांत मी स्वतःशी खूप बोलले. तो आवाज हर्षालीचा नाही, हर्षाली माझ्यासमोर जेवते आहे, झोपते आहे, असं स्वतःला समजावलं. पण चोवीसला अडखळते ती दुसरी कोण?

रविवारी जयदीप आला. फणस आणला होता. जेवताना तो हर्षालीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "येत्या गुरुवारी सुट्टी टाकतो. मीही राहतो तुमच्याजवळ. एकटीनं किती दिवस करशील तू?"

मी त्याच्या ताटात भात वाढत होते. हर्षाली त्याच्याकडे बघत होती.

"बरं," मी म्हटलं. "बाराच्या आत ये."